वागळे इस्टेट ते टीटीसी: उत्पादकतेचा स्थानिक इतिहास

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत एका समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. आज राज्यभर कुठेही ‘एमआयडीसी’ म्हटलं की औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते, ते नाव ठाण्यातून निघालं. देशाची उत्पादकता, म्हणजे तेवढ्याच माणसांतून, मशीनमधून आणि वेळेतून निघणारं उत्पादन, वाढवायची तर जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने, वसाहतीतल्या अभियंत्याने, उद्योजक संघटनेच्या कार्यालयाने नेमकं काय करायचं, या प्रश्नाची मुळंही त्याच काळात सापडतात.

चार वर्षं आधी, १९५८ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन केली होती. सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एका टेबलाशी बसावेत, अशी तिची रचना होती. गावोगावच्या औद्योगिक केंद्रांत स्थानिक उत्पादकता परिषदा उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये आशियाई उत्पादकता संघटना निघाली, तिच्या संस्थापक देशांत भारत होता. काम मोजायचं कसं, हालचाल आणि वेळ वाचवायची कशी, याचं शिक्षण कारखान्याच्या जवळच मिळालं पाहिजे, हा विचार तेव्हाच पक्का झाला होता. मला तो आजही बिनतोड वाटतो.

इकडे मुंबई तुंबली होती. १९५८ मध्ये नेमलेल्या, सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती आणि उद्योग न्यावेत असं सुचवलं. एमआयडीसीने भूखंड पाडले, रस्ते केले आणि मुख्य म्हणजे पाणी आणलं. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांसाठी तिने स्वतःची पाणीयोजना राबवली, पुढे बारवी धरण बांधलं. या कामाला कोणी उत्पादकता म्हटलं नाही. पण नळाला पाणी नसेल तर बॉयलर थंड आणि पाळी रिकामी. स्थानिक माणसाचं काम इतकं थेट दिसण्याची ती वेळ होती, आणि ती कामं करणाऱ्या अभियंत्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत, याचं वाईट वाटतं.

ठाणे-बेलापूर रोडच्या कडेने टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) ही औद्योगिक वसाहत वसली, दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. मात्र ठाण्याहून वाशीला लोकल मिळायला २००४ साल उजाडलं. माझे मामा कळव्यात राहायचे आणि महापेला फिटर होते. सातच्या पाळीसाठी पहाटे पाचला घर सोडायचे. बस चुकली की हाफ डे. कारखान्याच्या गेटबाहेर गेलेला वेळ कुठल्याच लॉगबुकमध्ये चढत नाही, पण मशीनपाशी उभा राहिलेला माणूस आधीच दमलेला असतो.

१९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. लहान उद्योजकाला मुंबई-दिल्लीच्या खेपा न घालता एकाच छपराखाली सगळं मिळावं, हा हेतू होता. हेतू चांगला होता. हळूहळू मात्र नोंदणी, कर्जप्रकरणं, अनुदान आणि मार्चअखेरचं टार्गेट यांनी दिवस भरून गेला. प्रकरणं मंजूर किती झाली हे मोजायला सोपं. गाळ्यात मशीन किती तास बंद राहतं, हे मोजायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं. माझ्या मते धागा इथेच सुटला, आणि त्यात एकेका अधिकाऱ्याला दोष देऊन भागणार नाही.

गेल्या पावसाळ्यात वागळेतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी असाच उभा होतो. पॉवर प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची होती. रॅकवर डाय सापडेना. सापडली तेव्हा पाना दुसऱ्या मशीनवर. मग पॅकिंगच्या पट्ट्या शोधल्या, सेटिंग केलं, पहिले चार नग स्क्रॅपमध्ये गेले. पाऊण तास प्रेस बंद. ऑपरेटर त्या वेळात क्षणभरही बसला नव्हता, घामाने निथळत होता. दर कामगारामागे उत्पादन कमी, असा आकडा दिल्लीत मांडला जातो तेव्हा त्यात हा पाऊण तासही असतो.

यावर उपाय योजनांत आहेत. समूह विकास योजनेतून दहा-वीस कारखान्यांना मिळून चाचणी प्रयोगशाळा किंवा टूलरूम (डाय बनवण्याची, दुरुस्त करण्याची कार्यशाळा) उभारता येते. लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या, योजनेत सल्लागार थेट शॉपफ्लोअरवर येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणं खरेदीदारांना बंधनकारक केलं. पैसा अडकला की नवी डाय, नवं टूलिंग लांबणीवर पडतं, म्हणून हा बिलांचा विषयसुद्धा उत्पादकतेचाच. पण योजना आणि गाळा यांच्यामध्ये कोणीतरी चालत जावं लागतं. कुठल्या मालकाला कुठली योजना लागू पडेल, आयटीआयतल्या पोरांना ज्या मशीनवर शिकवतात ते मशीन वसाहतीत उरलंय का, शिकाऊ उमेदवार कोण घेईल, दुपारी दोनला वीज कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) जाते, हे स्थानिक माणसालाच कळतं.

जमिनीचं गणितही बदललं आहे. वागळेतल्या कित्येक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि ऑफिसं आली, ऐरोलीला तर पूर्ण संकुलंच. एका कामगारामागे रुपयांतलं उत्पादन त्यामुळे वर जातं, आणि आकडा छान दिसतो. टूलरूम मात्र शहराबाहेर ढकलल्या जातात, आणि डाय दुरुस्तीला पाठवली की ती परत येईपर्यंत प्रेस थांबून राहते. आर्थिक विकासाचं काम करणाऱ्यांनी भूवापराच्या बैठकीत हे बोललं पाहिजे. तिथे सध्या चटई क्षेत्राचीच, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचीच, भाषा चालते.

मुंबई महानगर प्रदेश आता नीती आयोगाच्या ग्रोथ हब (शहरी प्रदेशांना आर्थिक वाढीची केंद्रं बनवण्याच्या) कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आहे. आराखडा कागदावर कुठेही बनो, तो उतरेल वागळेच्या रोड नंबर १६ वर, रबाळ्याला, तुर्भ्याला. त्या प्रेस शॉपच्या मालकाला मी विचारलं, डाय बदलायला किती वेळ लागतो हे तुम्हाला कधी कुठल्या साहेबाने विचारलं का? त्यांनी थोडा विचार केला आणि नकारार्थी मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक डायवर नंबर घातले आणि पाना प्रेसच्या खांबाला साखळीने अडकवला.