पाणतिरांच्या कारखान्यात कलावंत कसे आले?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीकाठच्या अलेक्झांड्रिया शहरात टॉर्पेडो फॅक्टरी आर्ट सेंटर आहे. नावातला कारखाना खराखुरा आहे. त्याचं बांधकाम १२ नोव्हेंबर १९१८ रोजी सुरू झालं, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सरकारी मुहूर्त! तरीही १९२३ पर्यंत इथे नौदलाचे पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, बनत राहिले. नंतर इमारत दारूगोळ्याचं कोठार झाली.

दुसऱ्या महायुद्धात उत्पादन पुन्हा सुरू झालं. इथला प्रसिद्ध माल म्हणजे पाणबुडीतून सोडायचा मार्क १४ पाणतीर. लांबी सुमारे सव्वासहा मीटर, व्यास ५३३ मिलिमीटर, वजन जवळजवळ दीड टन. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत त्याची बदनामीच जास्त झाली. नेमून दिलेल्या खोलीपेक्षा तो सुमारे तीन मीटर खालून जाई. चाचण्यांत लावलेलं डोकं खऱ्या स्फोटकाच्या डोक्यापेक्षा हलकं होतं, त्यामुळे हा दोष वेळेत पकडला गेला नाही. शिवाय जहाजावर थेट काटकोनात आदळला, तर स्फोट घडवणारी कळ धक्क्यानेच अडकायची. हे दोष मुळात आराखड्यातले. अलेक्झांड्रियाच्या कामगारांच्या माथी ते मारणं बरोबर नाही. आज तिथे मांडलेला मार्क १४ हिरवागार आहे, कारण चाचणीनंतर तो पाण्यात शोधून परत आणावा लागे.

युद्धानंतर इमारत केंद्र सरकारचं गोदाम बनली. स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या वस्तू, संसदेची कागदपत्रं, जर्मनांकडून जप्त केलेली दप्तरं, सगळं इथे येऊन पडलं. १९६९मध्ये शहराने ती विकत घेतली. पुढे आर्ट लीग या स्थानिक कलासंस्थेच्या अध्यक्ष मॅरियन व्हॅन लँडिंगहॅम यांनी कलावंतांच्या स्टुडिओंचा प्रस्ताव मांडला. कलावंतांनी स्वतः राबून मालमोटारी भरभरून कचरा बाहेर काढला आणि सप्टेंबर १९७४मध्ये दारं उघडली.

जुना कारखाना या कामाला सोयीचा का, हे कलावंताच्या सामानावरून कळतं. छापयंत्र, दगड, ओल्या मातीची पोती यांचं वजन राहत्या घराची जमीन सहसा पेलत नाही. यंत्रांसाठी ओतलेलं काँक्रीट पेलतं. पण तयार इमारत म्हणजे तयार स्टुडिओ नव्हे. भट्टीला वेगळी वीजजोडणी आणि धूर बाहेर नेणारी नळी लागते. धातुकामाचा आवाज नि ठिणग्या चित्रकारापासून दूर ठेवाव्या लागतात. चिनीमातीचा गाळ थेट मोरीत सोडला तर नळ तुंबतात, म्हणून आधी गाळ बसवणारी टाकी हवी. उंच छताची हवा तर तापता तापत नाही. अशा गोष्टी पहिल्या घाईत सुटल्या, तर पुढे फोडाफोड अटळ.

इथेही १९८२-८३मध्ये मोठं नूतनीकरण झालं. इमारत आतून सांगाड्यापर्यंत मोकळी करून नव्याने बांधली आणि मे १९८३मध्ये पुन्हा उघडली. अलेक्झांड्रियाचं पुरातत्त्व संग्रहालयही त्याच छताखाली आहे.

स्टुडिओ मिळवायचा तर परीक्षकांपुढे काम ठेवावं लागतं. मिळाल्यावर दार बंद करून बसायचं नाही: लोक आत येणार, काम चालू असताना पाहणार, प्रश्न विचारणार. एकांतप्रिय चित्रकाराला ही अट जाचक वाटू शकते. पण इमारत शहराच्या मालकीची, म्हणजे करदात्यांची आहे. त्यांना आत यायला मिळणार नसेल, तर नदीकाठची इतकी मोक्याची जागा कलावंतांसाठी राखून ठेवायला नगरपालिकेकडे फारसं कारण उरत नाही.