खोलीला बाहेरून कडी लावण्याआधी

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. जॉन कोल्ट्रेन, अमेरिकेतला मोठा सॅक्सोफोनवाला, हेरॉइनच्या पार आहारी गेलेला, तर बायकोने म्हणे त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली, आठवडाभर नुसतं पाणी दिलं आणि माणूस असा सुधारला की थेट इतिहासात जाऊन बसला. खाली जोडलेले हात आणि 'खऱ्या प्रेमापुढे व्यसन हरतं'. पटापट बदाम पडले. मीही टाकणार होतो, कोल्ट्रेन म्हणजे आपला जीव की प्राण, पण मला एकदम मास्तर आठवले आणि ती कडी आठवली.

आधी कोल्ट्रेनचं नीट सांगतो. १९५७ च्या एप्रिलमध्ये ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या बँडमधून काढलं, कारण हेरॉइनपायी याचा काही भरवसाच राहिला नव्हता. वय ३०. फिलाडेल्फियाच्या घरी आई आणि बायको नईमा होत्या, त्यांना त्याने सांगितलं की आता सोडतो, आणि स्वतःच खोलीत जाऊन पडला. कोंडलंबिंडलं कुणी नाही. त्या दोघी पाणी द्यायच्या आणि लक्ष ठेवून असायच्या, बस. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये पियानोवाला थेलोनियस मंकबरोबर असा वाजवायला लागला की लोक वेडे झाले, आणि २ डिसेंबर १९५९ ला त्याने बायकोच्याच नावाची 'नईमा' ही संथ रचना रेकॉर्ड केली. १९६३ मध्ये तो तिला सोडून गेला, हे काही फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आता मास्तर. आमच्या गल्लीत तबला शिकवायचे. मी दोन वर्षं गेलो, तबल्यातली कायदा नावाची एक रचनाही धड बसली नाही, पण त्यांचा धिरधिर दोन हातांवरून ऐकला तेवढ्यात फी वसूल. रात्रीच्या कार्यक्रमांमुळे पिणं सुरू झालं, मग कार्यक्रम कमी झाले आणि पिणं तेवढंच राहिलं, मग वाढलं. काकूंना कुणीतरी शहाण्याने सांगितलं, चार दिवस कोंडा, ओरडेल ओरडेल आणि गप्प बसेल. काकूंनी काळजावर दगड ठेवून तेच केलं. पहिल्या दिवशी मास्तरांच्या हातात चहाची बशी राहीना. तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर मास्तर पलंगावर मांडी घालून बसलेले, अंग घामाने निथळतंय, डोळे कुठेतरी लांब लागलेले, आणि दोन्ही हात चादरीवर चाललेत. मधेच उशी ओढून घ्यायचे आणि तिच्या कडेवर मुठीने ठोकायचे, हातोडीने गट्टे सरकवून तबला स्वरात लावतात ना, तसं. काकूंना ओळखलं नाही. "पेटीवाल्याला म्हणावं लय धर," असं चिडून म्हणाले. घरात पेटीही नव्हती आणि पेटीवालाही नव्हता.

दारू एकदम तुटल्यावर येणाऱ्या या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि त्यात आपल्या धंद्याच्याच हालचाली करणं हे जुन्या काळापासून नोंदलेलं लक्षण आहे, शिंपी हवेत सुई ओवतो तसं. उपचार नाही मिळाले तर यात माणूस मरतो. मास्तरांना रिक्षात घालून नेलं म्हणून वाचले.

मग प्रश्न असा की कोल्ट्रेन हेरॉइनमधून खोलीत पडून बाहेर आला आणि मास्तर दारूमधून मरायला टेकले, असं का? दारू तर दुकानात मिळते, हेरॉइनला तुरुंग आहे! याचं उत्तर माझी अत्यंत आवडती गोष्ट आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात, हे शाळेत झालंय. त्यातलं ग्लुटामेट म्हणतं 'बोल' आणि गाबा म्हणतं 'गप बस'. गाबा पेशीवरच्या एका दाराला चिकटला की दार उघडतं, बाहेरचे क्लोराइड आयन आत शिरतात, ते ऋणभारित, त्यामुळे पेशीचा आतला भाग अजून ऋण होतो आणि तिला पेटायला जास्त धक्का लागतो. दारू नेमकी या दाराला जाऊन बसते आणि गाबाचं काम वाढवते, आणि त्याच वेळी ग्लुटामेटचं एनएमडीए नावाचं दार दाबून धरते. दोन्हीकडून शांतता. म्हणून दोन पेग झाले की भिडस्त माणूस गायला लागतो, कारण त्याला गप्प बसवणाऱ्या पेशीच आधी गप्प झालेल्या असतात.

पण मेंदूला ही आयती शांतता चालत नाही. रस्सीखेच आठवा. पलीकडून कुणी रोज ओढतंय म्हटल्यावर आपण टाच रोवून उलट्या बाजूला रेलतो. मेंदू तेच करतो. गाबाचं दार प्रथिनाच्या पाच तुकड्यांचं बनलेलं असतं, फुलाच्या पाच पाकळ्यांसारखं, मधून आयन जायची वाट. रोज दारू मिळाली की पेशी या पाकळ्याच बदलायला लागते, अल्फा-१ जातीच्या कमी करते, अल्फा-४ जातीच्या वाढवते, काही दारं पृष्ठभागावरून आत ओढून घेते, आणि एनएमडीए दारं मात्र वाढवते. म्हणजे 'गप बस' ऐकणारे कान कमी आणि 'बोल' ऐकणारे जास्त. (कुणी झोपलं असेल तर उठा, पाकळ्या संपल्या.) आता तोच माणूस नॉर्मल राहायलाच क्वार्टर मागतो. आणि एके सकाळी घरच्यांनी दोर सोडून दिला! पलीकडचा संघ गायब, आणि हा रेललेला माणूस सपशेल उताणा.

एक हिशोब करू. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम जाळतं. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. तीन क्वार्टर पिणाऱ्याच्या रक्तातली दारू दिवसभरात जेमतेम संपते न संपते तोवर पुढची आली. त्याच्या मेंदूने कित्येक वर्षांत शून्य असं फारसं पाहिलेलंच नसतं. कडी लावल्यावर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट येऊ शकते, भास होतात, आणि ४८ ते ९६ तासांत तो चादरीवरचा तबला. वरून प्रत्येक वेळी असं सोडवलं आणि परत लागलं की पुढची खेप आणखी वाईट जाते, ओल्या लाकडाला आधी वेळ लागतो पण एकदा सुकलं की एका काडीत पेटतं, तसं. म्हणजे दर गणपतीला 'या वेळी नक्की' म्हणून घरीच सोडवणारी घरं नकळत मेंदू सुकवत असतात.

'थोडी लावल्याशिवाय हात सुटत नाही' हे मास्तर म्हणायचे ना, ते खोटं नव्हतं हो. सकाळची थरथर ही दारू उतरल्याची, ती पहिल्या पेगने थांबते, मग हात सुटल्यासारखा वाटतो. दारूने प्रतिभा दिली नाही, दारूने दारूचंच भाडं भरलं. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्करने, ज्याचं बघून अख्खी एक पिढी सुईच्या नादी लागली, त्याने स्वतः १९४९ च्या मुलाखतीत सांगितलंय की नशेत चांगलं वाजतं म्हणणारा खोटारडा आहे. १२ मार्च १९५५ ला तो गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता, आणि प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरला ते पन्नाशी उलटलेल्या माणसाचं वाटलं.

हेरॉइनचं गणित वेगळं. ते मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाच्या एका निळसर ठिपक्याला दाबून ठेवतं, आणि हा ठिपका नॉरॲड्रेनलिनचा कारखाना आहे. हेरॉइन थांबलं की कारखाना तिन्ही पाळ्यांत सुरू, अंगावर काटा, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पाय आपोआप झाडले जातात, दोन-तीन दिवस नरक, आठवड्याभरात ओसरतं. भयंकर असतं, पण फिटा आणि डिलिरियमची जी भीती दारूत असते ती सहसा इथे नसते, अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही तर धडधाकट माणूस तगतो. कोल्ट्रेनने मात्र तेव्हाच दारूही सोडली, आणि त्यातून तो सुखरूप उठला हे त्याचं नशीब, प्रेमाची ताकद वगैरे नाही.

आणि सोडल्यावर धोका संपत नाही उलट वेगळा सुरू होतो. रेलणं थांबतं, शरीर पुन्हा नवख्यासारखं होतं, आणि तो जुन्याच मापाने घेतो. इंग्लंडची गायिका एमी वाइनहाउस मध्ये काही दिवस कोरडी होती, मग परत प्यायली, आणि २३ जुलै २०११ ला लंडनच्या घरात गेली तेव्हा रक्तात १०० मिलीला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं, तिथे गाडी चालवायची मर्यादा ८०. वय २७, म्हणून लगेच '२७ चा शाप', म्हणजे संगीतकार २७ व्या वर्षीच मरतात, हे सुरू झालं. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १०४६ संगीतकारांचा हिशोब आला, २७ व्या वर्षी मरणाची काही खास लाट नव्हती. शापबिप काही नाही.

खोलीवरून अजून एक. शेपर्ड सीगल या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला, निम्म्यांना नेहमीच्या खोलीत आणि निम्म्यांना वेगळ्या खोलीत. नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले, वेगळ्या खोलीत ६४. म्हणजे शरीर ती भिंत, तो वास बघूनच आधी टाच रोवतं. दौऱ्यावरच्या कलाकाराला रोज नवीन हॉटेलची खोली मिळते, विचार करा.

आता आपल्याकडचे उपाय. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेलं असतं, 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा'. त्या पुडीत काय असतं ते पुडीवाल्यालाच माहीत, पण डायसल्फिरॅमसारखं औषध चोरून भाजीत घातलं आणि वरून तो प्यायला, तर दारू पचताना तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साचून रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध चांगलंय, पण माणसाला सांगून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. माळ घालून सुटलेले लोक मी स्वतः बघितलेत, वारकऱ्यांची सोबत ही फार मोठी गोष्ट आहे, त्यावर मी हसणार नाही. पण माळ घालायची ती पहिला आठवडा डॉक्टरांकडे काढून झाल्यावर. दवाखान्यात त्याच गाबाच्या दारावर काम करणाऱ्या गोळ्या देतात आणि दिवसागणिक कमी करत नेतात, दोर एकदम न सोडता हळूहळू सैल करायचा, बाकी काही नाही. शिवाय व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन, ते ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर.

त्यानंतरचं लांबचं काम वेगळं. आपल्याकडे पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी उभं केलेलं, सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. आणि घरच्यांनी वागायचं कसं यावरही अभ्यास झालेत बरं का. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात, शुद्धीत असेल तेव्हा जवळ बसायचं, प्यालेला असेल तेव्हा न भांडता उठून जायचं आणि तो स्वतःच कंटाळलेला असेल तो क्षण पकडून उपचारांचं विचारायचं, असं शिकवलेल्या घरांतली ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून घेरून सुनावण्याची पद्धत शिकलेल्या घरांतली ३०.

मास्तरांना वर्षभराने परत लागली. या वेळी काकूंनी कडी लावली नाही. त्या थांबल्या, आणि एका सकाळी मास्तर स्वतःच म्हणाले हात बघ कसा झालाय, तेव्हा म्हणाल्या, "चला, अहो, आत्ताच जाऊ." मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आलीय का. मास्तर म्हणाले एक क्वार्टर, कधीतरी दीड. काकू काही बोलल्या नाहीत, पर्समधून भंगारवाल्याची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, महिन्याच्या रिकाम्या बाटल्या ९४. डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी पंख्याकडे, आणि केसपेपरवर लिहिलं गेलं, दिवसाला तीन.