मल्टिहोमिंगसाठी राउटर (लहान जाळी)

मल्टिहोमिंग : एकाच जाळ्यासाठी दोन किंवा अधिक स्वतंत्र सेवादात्यांकडून इंटरनेट जोडणी घेण्याची पद्धत. या जोडण्या ज्या पेटीत येऊन मिळतात आणि कोणते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) कोणत्या लाइनने बाहेर जाईल हे जी पेटी ठरवते, तो सीमेवरचा राउटर. ही नोंद लहान जाळ्यांपुरती आहे. लहान म्हणजे दोन लाइन, फार तर तीन. एकूण वेग काहीशे मेगाबिटपासून एक-दोन गिगाबिटपर्यंत. आणि देखभालीला एक माणूस, ज्याच्यामागे दिवसभर दुसरीही कामे असतात.

राउटर घेताना बहुतेकांची नजर आधी वेगाच्या आकड्यावर जाते. निवड खरी ठरते ती एका साध्या प्रश्नावर : जाळ्याचे सार्वजनिक आयपी पत्ते कोणाचे? सेवादात्याचे असतील तर दोन वॅन पोर्टचा (बाहेरची लाइन जोडायच्या दोन जागांचा) साधा राउटर पुरतो. स्वतःचे असतील तर बीजीपी (जाळी एकमेकांना मार्ग सांगतात ती भाषा) बोलणारा राउटर लागतो, आणि त्याबरोबर बीजीपी कळणारा माणूसही.

पत्ते सेवादात्याचे असतील तर

प्रत्येक लाइनवर वेगळा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि आतली सगळी यंत्रे नॅटच्या (आतले खासगी पत्ते बाहेर जाताना सार्वजनिक पत्त्यात बदलणाऱ्या सोयीच्या) आड राहतात. एक लाइन गेली की राउटर नवी वाहतूक दुसरीवर वळवतो. चालू सत्रे मात्र तुटतात, कारण समोरच्या सर्व्हरच्या लेखी पत्ता बदलला म्हणजे माणूसच बदलला. व्हिडिओ कॉल पुन्हा लावावा लागतो, अर्धवट उतरलेली फाइल कधी पहिल्यापासून मागवावी लागते. ज्यांचे सर्व्हर दुसरीकडे होस्ट केलेले आहेत त्यांना एवढी गैरसोय सहज परवडते.

दोन्ही लाइन एकाच वेळी वापरायच्या असतील तर वाटणी पॅकेटगणिक करून चालत नाही, सत्रागणिक करावी लागते. तरी एक अडचण उरते. लॉग-इन एका पत्त्यावरून झाले आणि पुढचे पान दुसऱ्या पत्त्यावरून मागितले गेले, की बँकांसारखी सावध संकेतस्थळे वापरकर्त्याला बाहेर काढू शकतात. म्हणून एका यंत्राची एका ठिकाणची वाहतूक एकाच लाइनला बांधून ठेवायची सोय राउटरमध्ये असावी. दोन्ही लाइनच्या वेगांची बेरीज एकाच डाउनलोडला मिळेल, ही आशा मात्र सोडून द्यावी.

या वर्गातले राउटर ओळखायची खरी जागा म्हणजे ‘लाइन जिवंत आहे का’ ही तपासणी. स्वस्त पेट्या फक्त पोर्टचा दिवा पाहतात, किंवा फार तर सेवादात्याच्या गेटवेला (त्याच्या बाजूच्या पहिल्या यंत्राला) पिंग करतात, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहतात. मॉडेम चालू असतो, गेटवेही उत्तर देतो, आणि त्याच्यापुढे सगळे ठप्प असते. राउटरला वाटते सारे आलबेल आहे. म्हणून तपासणीचे लक्ष्य सेवादात्याच्या जाळ्याबाहेरचे हवे आणि एकापेक्षा अधिक हवे, नाहीतर ते एकच लक्ष्य बंद पडले की चांगली लाइन मेली असे ठरते. शिवाय प्रत्येक तपासणी त्या-त्या लाइनमधूनच बाहेर पडली पाहिजे. ती मोकळी सोडली तर पहिल्या लाइनची चौकशी करणारे पिंग गुपचूप दुसऱ्या लाइनने जाऊन ‘ठीक आहे’ म्हणून परत येते. लाइन बाद करायला सलग किती अपयशे आणि परत घ्यायला सलग किती यशे लागतील, हे आकडे वेगवेगळे ठेवता यावेत. परत घेण्याचा आकडा मोठा असावा. नाहीतर धड चालू ना धड बंद अशा लाइनवर राउटर दिवसभर हेलकावे खात राहतो.

दुसरी अट स्रोत-पत्त्यानुसार मार्ग निवडण्याची. पहिल्या सेवादात्याचा पत्ता लावलेले पॅकेट दुसऱ्याच्या लाइनने बाहेर पडले, तर तो बहुधा ते टाकून देतो. खोट्या स्रोत-पत्त्यांची पॅकेटे अडवावीत ही शिफारस मे २००० मधल्या आरएफसी २८२७ ची (आरएफसी म्हणजे इंटरनेटची प्रमाणे व शिफारशी मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). मल्टिहोम्ड ग्राहक त्या गाळणीत अडकू नयेत म्हणून २००४ मध्ये आरएफसी ३७०४ आले. गाळणी रास्तच आहे. ज्या लाइनने मागणी आत आली त्याच लाइनने उत्तर बाहेर जाईल, ही जबाबदारी राउटरची.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) मध्ये हाच मामला अधिक अवघड होतो. तिथे नॅट गृहीत धरलेले नाही, त्यामुळे प्रत्येक यंत्राला दोन्ही सेवादात्यांचे पत्ते मिळतात आणि कोणता वापरायचा हे यंत्र स्वतः ठरवते. कोणती लाइन मेली आहे हे त्याला ठाऊक नसते. पत्त्याचा फक्त पुढचा भाग बदलणारी एनपीटीव्ही६ ही पद्धत (आरएफसी ६२९६, २०११) हा त्यावरचा एक तोडगा. पत्ता वाटेत बदलू नये हे तिच्या विरोधकांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण लहान जाळ्यात काम तिनेच भागते. राउटर ती करतो का, हे विकत घेण्याआधी पाहावे.

पत्ते स्वतःचे असतील तर

प्रादेशिक निबंधकाकडून (आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) स्वायत्त प्रणालीचा क्रमांक (एएस क्रमांक, म्हणजे बीजीपीमधली जाळ्याची ओळख) आणि पत्त्यांचा गट घ्यायचा आणि तो दोन्ही सेवादात्यांमार्फत बीजीपीने जगाला जाहीर करायचा, ही दुसरी वाट. लाइन बदलली तरी पत्ता तोच राहतो. मार्ग स्थिरावेपर्यंत काही सेकंद ते काही मिनिटे जातात, पण सत्रे अनेकदा टिकतात. बीजीपीचा आराखडा कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर मांडला, असे सांगतात. आज वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचे प्रमाण २००६ चे आहे, आरएफसी ४२७१. गटाची व्यवहारातली किमान मर्यादा आयपीव्ही४ मध्ये /२४, म्हणजे २५६ पत्ते, आणि आयपीव्ही६ मध्ये /४८. त्याहून लहान गट बहुतेक जाळी स्वीकारत नाहीत.

इथे राउटरची किंमत ठरवणारा प्रश्न म्हणजे पूर्ण मार्गतक्ता (जगभरच्या सगळ्या मार्गांची यादी) घ्यायचा का. जगभरच्या तक्त्यात आयपीव्ही४ चे सुमारे १० लाख आणि आयपीव्ही६ चे २ लाखांवर मार्ग आहेत. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या राउटरला हे ओझे मुख्यतः रॅमचे. ४ जीबी असली तर दोन सेवादात्यांचे पूर्ण तक्ते आरामात मावतात. हार्डवेअरने पॅकेटे ढकलणाऱ्या पेट्यांत मात्र टीकॅम नावाची महागडी स्मृती असते आणि तिची जागा मोजकी. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक तक्त्याने ५ लाख १२ हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा तेवढ्याच जागेवर बेतलेले जुने राउटर ठिकठिकाणी कोलमडले. स्वस्तात मिळणारा सेकंडहँड राउटर बघताना रॅमआधी हा टीकॅमचा आकडा विचारावा.

लहान जाळ्याला पूर्ण तक्ता बहुधा लागत नाही. दोन्हीकडून फक्त डिफॉल्ट मार्ग (‘बाकी सगळे इकडे पाठवा’ असा एकच मार्ग) घेतला आणि लोकल प्रेफरन्सने (बीजीपीतल्या पसंतीच्या आकड्याने) एकाला पसंती दिली की साधी पेटीही हे काम करते. त्यात उणीव एकच : सेवादात्याशी असलेले बीजीपी सत्र शाबूत राहून त्याच्यापुढचे जाळे तुटले, तर राउटरला ते कळत नाही आणि पॅकेटे अंधाऱ्या विहिरीत पडत राहतात. मधला उपाय असा की सेवादात्याचे स्वतःचे व त्याच्या ग्राहकांचे मार्ग तेवढे घ्यावेत आणि उरलेल्यासाठी डिफॉल्ट ठेवावा. दोन लाइनवर वाहतूक शहाणपणाने वाटायला एवढी माहिती पुरते.

बाहेर जाणारी वाहतूक आपल्या हातात असते. आत येणारी विनवून वळवावी लागते. /२४ एकच असेल तर त्याचे आणखी तुकडे करता येत नाहीत, म्हणून (मार्गाची लांबी वाटेतल्या एएस क्रमांकांवरून मोजली जात असल्याने) स्वतःचा एएस क्रमांक पुन्हापुन्हा जोडून बॅकअप लाइनचा मार्ग लांब दाखवतात. तरीही बॅकअप सेवादात्याच्या जाळ्यातली वाहतूक त्याच लाइनने येत राहते. कारण सेवादाता ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला बाहेरच्या मार्गापेक्षा वरची पसंती देतो आणि लांबी त्यानंतर पाहतो. यावरचा इलाज म्हणजे सेवादात्याने ठरवून दिलेली बीजीपी कम्युनिटी (मार्गाला जोडलेली खूण) पाठवून त्याच्याकडची आपली पसंती खाली आणणे. १९९६ च्या आरएफसी १९९८ मध्ये नेमका हाच वापर वर्णिला आहे. राउटर कम्युनिटी पाठवू शकतो का, आणि ३२ बिटी एएस क्रमांकांसाठी लागणाऱ्या लार्ज कम्युनिटी (आरएफसी ८०९२, २०१७) जाणतो का, हे पाहणे म्हणून गरजेचे.

सर्वांत धोक्याची चूक याच वाटेवर होते. एका सेवादात्याकडून शिकलेले मार्ग राउटरने दुसऱ्याला सांगितले, की लहानसे जाळे नकळत दोघांमधला पूल बनते. २४ जून २०१९ रोजी पेनसिल्व्हेनियातील एका पोलाद कंपनीच्या बाबतीत असेच झाले. तिच्याकडून आलेले मार्ग व्हेरायझनने न गाळता पुढे पाठवले आणि क्लाउडफ्लेअरसह अनेकांची वाहतूक सुमारे दोन तास भलतीकडे वळली. म्हणून बाहेर फक्त स्वतःचेच गट जाहीर करण्याची गाळणी पहिल्या दिवशी लिहावी. धोरण लिहिल्याशिवाय काही घेऊ नये, काही देऊ नये, हा आरएफसी ८२१२ चा (२०१७) नियम पाळणारा राउटर विसराळू माणसाला सांभाळून घेतो.

वेगाचा आकडा कसा वाचावा

माहितीपत्रकातला ‘१ गिगाबिट’ बहुधा १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटांवर मोजलेला असतो. त्या मापाने सेकंदाला ८१,२७४ पॅकेटे हाताळली की लाइन भरते. तीच लाइन ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरायची तर सेकंदाला १४,८८,०९५ लागतात. राउटरला श्रम पडतात ते पॅकेटामागे, बाइटामागे नव्हे. प्रत्यक्ष वाहतूक या दोन टोकांच्या मध्ये असते, पण हल्ल्याच्या वेळी ती लहान पॅकेटांकडे झुकू शकते. नॅट, फायरवॉल, व्हीपीएन आणि रांगांचे (कोणते पॅकेट आधी जाईल याचे) नियम चालू केले की अनेक पेट्यांतला जलद मार्ग बंद पडतो आणि आकडा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. तेव्हा आपल्याला लागणाऱ्या सगळ्या सोयी चालू असतानाचा आकडा मागावा.

प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअरची) संख्याही अशीच फसवते. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस या राउटर-प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत बीजीपीचे काम एकाच गाभ्यावर चालायचे, त्यामुळे ३६ गाभ्यांच्या पेटीतही तक्ता भरताना एक गाभा घामाघूम आणि पस्तीस निवांत असे दृश्य दिसे. डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर झालेल्या सातव्या आवृत्तीत हा भाग नव्याने लिहिला गेला. साध्या संगणकावर लिनक्स किंवा बीएसडी आणि त्यावर एफआरआर, बर्ड किंवा ओपनबीजीपीडी यांपैकी एखादे बीजीपीचे सॉफ्टवेअर हा पर्याय लहान जाळ्याला उत्तम चालतो. अट एवढीच की तो सांभाळणारा माणूस रजेवर गेला तर दुसऱ्याला त्यात हात घालता आला पाहिजे.

बिघाडाची चाचणी

दोन लाइन आणि एक राउटर असेल तर नाजूक दुवा राउटर हाच. व्हीआरआरपीने (एक राउटर पडला की दुसरा आपोआप त्याची जागा घेतो त्या पद्धतीने) जोडलेले दोन राउटर हा पुस्तकी उपाय. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी तीच मांडणी भरलेला दुसरा राउटर कपाटात ठेवतात, आणि तेवढ्यावर निभते. दोन्ही सेवादात्यांच्या तारा एकाच चरातून आल्या असतील तर मात्र कोणताही राउटर उपयोगाचा नाही.

चाचणी करताना बहुतेक जण राउटरमधली केबल उपटतात. दिवा विझतो, राउटर क्षणात दुसऱ्या लाइनवर जातो आणि सगळे खूश होतात. खरा बिघाड बहुधा पुढे कुठेतरी होतो आणि दिवा हिरवाच राहतो. अशा वेळी बीजीपी सत्र होल्ड टाइम (समोरून काही ऐकू न येता वाट पाहण्याचा काळ) संपेपर्यंत थांबते. बीजीपीच्या प्रमाणग्रंथात सुचवलेला काळ ९० सेकंद, पण अनेक राउटरवर मुळातच १८० सेकंद ठेवलेला असतो. सेवादाता तयार असेल तर बीएफडी (तुटलेली वाट चटकन ओळखणारी पद्धत; आरएफसी ५८८०, २०१०) लावून हा काळ एका सेकंदाच्या आत आणता येतो. चाचणीसाठी राउटर आणि सेवादात्याची पेटी यांच्यामध्ये एक साधा स्विच ठेवावा, स्विचच्या पलीकडची केबल काढावी आणि घड्याळ लावावे.