‘बास्केटबॉल खेळलास तर डॉक्टर विसर’

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो: कॉलेजच्या संघात खेळणाऱ्याला मेडिकलचे दार बंद.

ही भीती समजण्यासारखी आहे. आपल्याकडे बारावीनंतर लगेच ‘नीट’ असते, त्यामुळे खेळ सुटतोच. तिथे मात्र मेडिकलचा अर्ज सहसा पदवीच्या शेवटी किंवा पदवीनंतर होतो. ‘प्री-मेड’, म्हणजे मेडिकलच्या आधीची तयारी, ही बहुतेक ठिकाणी वेगळी पदवीही नसते. मुख्य विषय इतिहास असला तरी चालतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि त्यांची प्रयोगशाळा असे आवश्यक विषय झाले पाहिजेत.

वेळेचे काय? मोठ्या स्पर्धांच्या नियमांत हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पण कागदावरचे २० प्रत्यक्षात बरेच जास्त होतात, कारण प्रवास त्यात धरत नाहीत आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच मोजतात. खरी अडचण दुपारच्या प्रयोगशाळेची, कारण सरावही नेमका तेव्हाच असतो. म्हणून काही खेळाडू सेंद्रिय रसायनशास्त्र उन्हाळ्यात उरकतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. मेडिकल प्रवेशाची साडेसात तासांची एमकॅट परीक्षा त्यानंतर सप्टेंबरपर्यंत अनेकदा होते. कुणी पदवीनंतर एक वर्ष थांबतात.

पडताळायचे असेल तर दोन गोष्टी पाहा. मेडिकल कॉलेजच्या संकेतस्थळावरची आवश्यक विषयांची यादी, आणि विद्यापीठाच्या संघाचे पान. तिथे खेळाडूच्या नावापुढे बऱ्याचदा त्याचा विषय दिलेला असतो. गुण घसरले तर मात्र खेळाची सबब चालत नाही.