बीआरसीए तपासणी आणि कॅन्सरआधीचं ऑपरेशन: मेडिक्लेम कसा मागायचा?

आईला, मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणून आपलीही बीआरसीए तपासणी (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष बीआरसीए-१ आणि २ या जनुकांत आहे का, हे रक्तातून बघणारी) करून घेतली, तर साध्या मेडिक्लेममधून ते पैसे सहसा मिळत नाहीत. ॲडमिट न होता दिलेलं रक्त ओपीडीत जातं, आणि फक्त तपासणीसाठी ॲडमिट झालात तरी तो खर्च पॉलिसीत 'एक्सक्ल ०४' या खर्च वगळणाऱ्या कलमाखाली वगळलेला असतो. पेशंटला कॅन्सर आहे आणि ऑपरेशन किती मोठं करायचं हे या रिपोर्टवर ठरणार आहे, अशा वेळी मात्र ते बिल ॲडमिट होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांच्या खर्चात लावून बघावं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख बिलाच्या आधीची हवी.

घरात शक्यतो जिला कॅन्सर झालाय तिचीच तपासणी आधी करा. दोष नेमका कुठे आहे ते कळलं की बहिणी-मुलींची तेवढीच जागा तपासतात, खर्च बराच वाचतो.

आता स्तन काढण्याचं ऑपरेशन. पॉलिसी 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' उपचाराचे पैसे देते, आणि सगळं घोडं इथेच अडतं. एका बाजूला कॅन्सर असेल तर त्या बाजूचं बिल पास होतं, निरोगी बाजूचं कापलं जाऊ शकतं. कॅन्सर नसताना दोन्ही स्तन काढायचे असतील तर तयारी दुप्पट हवी. 'बीआरसीए-१ पॉझिटिव्ह, सर्जरी ॲडव्हाइज्ड' एवढ्या एका ओळीच्या पत्राने काही होत नाही. पत्रात दोषाचं नाव, घरात कोणाला कितव्या वर्षी कॅन्सर झाला, नुसत्या एमआरआय-मॅमोग्राफीवर का थांबता येत नाही, हे सगळं यावं. बीआरसीए-१ मध्ये आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते आणि या ऑपरेशनने ती सुमारे ९० टक्क्यांनी घटते, हेही डॉक्टरांना लिहायला सांगा. जोडीला जनुकीय रिपोर्टची पूर्ण प्रत (शेवटचं पान नव्हे!), काउन्सेलिंगची नोंद आणि केवायसी. रिपोर्टमध्ये 'अनसर्टन सिग्निफिकन्स' (म्हणजे सापडलेला बदल धोक्याचा आहे की नाही हे ठरलेलं नाही) असेल तर क्लेमचं सोडाच, सर्जनही सहसा नको म्हणतील.

स्तन पुन्हा घडवण्याच्या सर्जरीला 'एक्सक्ल ०८' हे कॉस्मेटिक-प्लास्टिक सर्जरी वगळणारं कलम आडवं येतं. त्यात कॅन्सरनंतरच्या सर्जरीला स्पष्ट सूट आहे. कॅन्सर नसेल तर 'थेट आणि तात्काळ धोका' या शब्दांवर वाद होतो, म्हणून या खर्चाचं एस्टिमेट वेगळं मागून घ्या.

हे ऑपरेशन ठरवून होतं, तेव्हा दोन-तीन आठवडे आधीच ईमेलने लेखी उत्तर मागा. फोनवरचं 'होऊन जाईल मॅडम' धरू नका. कॅशलेसचा अर्ज हॉस्पिटलमधला विम्याचं काम बघणारा टीपीए डेस्क पाठवतो; २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं असतं. कॅशलेस नाकारलं तरी डिस्चार्जनंतर मूळ बिलं लावून क्लेम करता येतो. क्लेमच नाकारला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी घ्या. 'आनुवंशिक आजार' एवढंच कारण दिलं असेल तर हरकत घ्या, २०१९ पासून तशी सरसकट अट पॉलिसीत घालता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

नवी पॉलिसी काढणार असाल तर तपासणीआधीच काढा. फॉर्ममध्ये घरातल्या कॅन्सरबद्दल विचारलं असेल तिथे खरंच लिहा. एजंट 'नाही' वर टिक करून फॉर्म पुढे सरकवतो आणि सहीची जागा दाखवतो. सही तुमची असते.