जलवनस्पतींच्या मत्स्यटाकीसाठी प्रकाशयोजना

गोड्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत वनस्पती वाढवण्यासाठी दिव्याचा प्रकार, त्याची प्रखरता आणि तो रोज किती तास लावायचा हे ठरवणे म्हणजे प्रकाशयोजना. माशांना बेताचा उजेड पुरतो. खरी गरज वनस्पतींची असते.

प्रकाशसंश्लेषणाला ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी पडतो. तो पानापर्यंत किती पोचतो हे दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकणांच्या संख्येचे एकक) असे मोजतात. अ‍ॅन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांना तळाशी १५ ते ३० पुरतात. तळावर पसरणाऱ्या बुटक्या आणि लाल पानांच्या बऱ्याच जातींना ५० च्या पुढे लागतात. हे मोजणारे यंत्र महाग असते, म्हणून हौशी लोक ल्यूमेनवर, म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाच्या मापावर, भागवतात: लिटरमागे १० ते २० सौम्य, २० ते ४० मध्यम, त्यावर प्रखर. २४ × १२ × १५ इंचांच्या टाकीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. तिला मध्यम प्रकाशासाठी १४०० ल्यूमेन, म्हणजे साधारण १५ वॅटचा चांगला एलईडी पुरे. गॅलनमागे इतके वॅट हा जुना हिशेब फ्लुरोसंट नळ्यांच्या काळातला, एलईडीला तो लागू पडत नाही.

दुकानदार केल्विनच्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेच्या, आकड्यावर फार बोलतात. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा डोळ्यांना दिवसासारखा वाटतो एवढेच. ४००० लाही वनस्पती वाढतात. निव्वळ निळ्या-लाल दिव्यात वाढ होते, पण टाकी जांभळट दिसते आणि हौसच जाते.

सोलापुरात प्रश्न बहुधा प्रकाश कमी पडण्याचा नसतो, जास्त होण्याचा असतो. दिवा जितका प्रखर, तितका कार्बन डायऑक्साइड आणि खत जास्त लागते. ते न मिळाल्यास उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, टाकीतले पाणीही तापते आणि कोमट पाण्यात वायू कमी विरघळतात. अशा वेळी दिवा वाढवणे वाया जाते. पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी ठेवणे तर शेवाळाला आमंत्रणच. शेवाळावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बरेचसे पाणी बदलणे. पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात तो सहज परवडत नाही. त्यामुळे इथे मध्यम दिवा घेऊन तो सहा तास लावणे, तेही दुपार टळल्यावर, हाच शहाणा पर्याय. आठ तासांच्या वर जाण्याचे कारण क्वचितच असते. काट्याचा टायमर वीज गेली की तेवढाच मागे पडतो, म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी झाकणकाचेकडे लक्ष द्यावे. जड पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर पांढरा क्षार बसतो आणि प्रकाश अडतो. व्हिनेगरने पुसले की निघतो. अशा पाण्यात व्हॅलिसनेरिया मात्र छान रुजते.

खोड लांबट होऊन पेरांमधले अंतर वाढले, खालची पाने गळू लागली, तर उजेड कमी आहे असे समजावे. काच पुसल्यावर दोन-तीन दिवसांतच पुन्हा हिरवी होत असेल, तर आधी तास कमी करावेत, मग दिवा थोडा वर टांगावा. बदलाचा परिणाम दिसायला दोन आठवडे तरी जातात, तोवर दुसरे काही बदलू नये.