टाकीच्या तोंडाशी काय पेटतं?

भर दुपारी पंपावर टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि नीट पाहिलं तर टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते. ती थरथर पेट्रोलच्या वाफेची. पंपावरच्या बहुतेक सगळ्या सूचना या वाफेपायी आहेत. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. वाफ १.४ टक्क्यांहून कमी असेल तर मिश्रण फार विरळ होतं, ७.६ टक्क्यांहून जास्त असेल तर फार दाट. दोन्ही वेळा ठिणगी पडली तरी आग धरत नाही.

टाकीच्या आत, आपल्याकडच्या हवामानात, वाफेचं प्रमाण ढोबळमानाने ३० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे आतली हवा पेटण्याच्या मानाने फारच दाट. खरी गडबड ती बाहेर आल्यावर होते. टाकीत ३० लिटर पेट्रोल गेलं की आतली ३० लिटर वाफभरली हवा बाहेर ढकलली जाते. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड, त्यामुळे ती वर न जाता खाली उतरते, जमिनीलगत पसरते, खळग्यात आणि गटारात साठते. हवेत मिसळून पातळ होत जाताना कुठेतरी ती १.४ ते ७.६ टक्क्यांच्या पट्ट्यातून जातेच. अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल सांडून पूर्ण उडालं तर साधारण २०-२५ लिटर वाफ होते. हवेत मिसळल्यावर ती दोन मोठी लोखंडी कपाटं भरतील एवढं पेटाऊ मिश्रण करू शकते. सांडलेल्या पेट्रोलवर लगेच वाळू टाकतात ती याचसाठी.

पेट्रोलला एवढी वाफ धरायला ऊन लागत नाही. ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ ते उणे ४० अंशांच्या आसपासही देतं. डिझेलसाठी भारतीय मानकात हे तापमान किमान ३५ अंश असावं लागतं. इंधन साठवण्याचे परवाने देणाऱ्या, नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या नियमांतही त्यामुळे पेट्रोल ‘अ’ वर्गात आणि डिझेल ‘ब’ वर्गात येतं. पण डिझेलला अगदीच गरीब समजू नये. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या कॅनमधलं, मानकाच्या काठावरचं डिझेल पेट्रोलसारखं वागू शकतं.

आता ठिणगी. वाफ आणि हवेचं योग्य मिश्रण पेटवायला सुमारे ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हा आकडा किती लहान आहे ते स्वतःच्या अंगावरून कळतं. थंडीत स्वेटर काढताना किंवा दाराच्या कडीला हात लावताना चटका बसतो, तेव्हा शरीरावर निदान ३,००० व्होल्ट स्थिर विद्युत साचलेली असते. त्याहून कमी असेल तर आपल्याला जाणवतही नाही. शरीराची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १५० पिकोफॅरड धरली तर त्या जेमतेम जाणवलेल्या ठिणगीत सुमारे ०.७ मिलिज्यूल ऊर्जा असते, गरजेच्या जवळजवळ तिप्पट. १०,००० व्होल्टला ती ७.५ मिलिज्यूलवर जाते.

ही वीज येते घासण्यातून: नायलॉनचं जाकीट आणि रेक्झिनची सीट, पॉलिएस्टर आणि गाडीचं कव्हर. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे ती टिकत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत, चांगली साचते. उपाय फुकटचा आहे. गाडीतून उतरल्यावर, टाकीच्या झाकणाला हात लावण्याआधी, टाकीच्या तोंडापासून लांबच्या उघड्या धातूला बोटं टेकवा. दाराची मूठ किंवा हँडलचा रंग नसलेला भाग चालेल.

आपल्याकडे नोझल पंपावरचा कर्मचारी धरतो, म्हणून या प्रकारची आग कमी ऐकू येते. परदेशातल्या मराठी माणसांना मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःच भरावं लागतं (न्यू जर्सीत कायद्यानेच पेट्रोल स्वतः भरायला मनाई आहे, तो भाग वेगळा). तिथे नोझलला ते दाबलेलं धरून ठेवणारा खटका असतो. तो लावायचा, थंडी वाजते म्हणून परत गाडीत जाऊन बसायचं, टाकी भरत आली की सीटवरून घसरून उतरायचं आणि तडक नोझलला हात घालायचा. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकापासून अशा आगींच्या नोंदी गोळा केल्या, त्यांत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. मोबाइलमुळे लागलेली म्हणून सिद्ध झालेली आग मात्र त्यांना सापडली नाही. तरी पंपावर मोबाइल खिशातच ठेवावा असं मी म्हणेन, पण लहरींच्या भीतीने नव्हे. हातातून निसटलेला फोन, डोकं स्क्रीनमध्ये असताना भरून वाहिलेली टाकी, ही कारणं जास्त खरी आहेत. पैसे यूपीआयने द्यायचे असतील तर नोझल जागेवर गेल्यावर, मशीनपासून दूर उभं राहून द्यावेत.

दुचाकीचा प्रश्न खास आपला. मोटरसायकलची टाकी गुडघ्यांच्या मधे, खाली तापलेलं इंजिन, शेजारी त्याहून तापलेला सायलेन्सर. बसून पेट्रोल भरलं तर उसळलेलं पेट्रोल थेट मांडीवर येतं आणि तिथून इंजिनावर. म्हणून उतरा, मागे बसलेल्यालाही उतरवा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. तिरप्या गाडीत टाकी किती भरली ते कळत नाही आणि सरळ केली की पेट्रोल झाकणातून पाझरतं. नोझल टाकीच्या तोंडाच्या धातूला टेकलेलं हवं. पाइपमधून वाहताना पेट्रोलवरही विद्युतभार चढतो, आणि पाइपातल्या वाहक तारेतून तो जमिनीत जायचा तर नोझल आणि टाकी यांचा संपर्क तुटता कामा नये. वरून धार सोडण्याची सवय त्यामुळे वाईट.

चारचाकीत नोझल खोल घातलं की टाकी भरल्यावर ते आपोआप बंद होतं. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वेगाने वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. पातळी चढून भोक पेट्रोलने झाकलं की हवा मिळेनाशी होते, आतल्या पडद्यावर खेच बसते आणि खटका सुटतो. हा ‘कट’ झाला की थांबायचं. पण आपल्याला आकडा पूर्ण हवा असतो. १,९६३ रुपये झाले की ‘दोन हजार कर’ म्हणून नोझल अर्धवट बाहेर ओढून थेंब-थेंब भरणं सुरू होतं. कट झाल्यावर टाकीत उरलेली जागा फुकट सोडलेली नसते. पेट्रोल दर १० अंशांना जवळपास १ टक्का फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं २७ अंशांचं ४५ लिटर पेट्रोल उन्हात ४५ अंशांवर गेलं की पाऊण लिटरहून जास्त वाढतं. शिवाय टाकीची वाफ कोळशाच्या एका डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू झाल्यावर तिथून जाळली जाते. बळेच भरलेलं पेट्रोल त्या डब्यात द्रवरूपात शिरलं की कोळसा निकामी होतो, गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आणि तो डबा बदलण्याचा खर्च त्या ३७ रुपयांच्या कितीतरी पट असतो.

याच्याच उलट टोकाची अफवा दर उन्हाळ्यात इंडियन ऑइलच्या नावाने फिरते: टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. कंपनीने ती जाहीरपणे खोडून काढली आहे. कट होईपर्यंत टाकी भरायला काहीच हरकत नाही.

शेतीपंपासाठी किंवा जनरेटरसाठी कॅनमध्ये इंधन नेणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. कॅन टेम्पोत किंवा डिकीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा. रबर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या कॅनमधला विद्युतभार कुठेच जात नाही. कॅन धातूचा, नोझल त्याच्या काठाला टेकलेलं, धार हळू, आणि वर थोडी जागा. पाण्याची बाटली या कामाला अजिबात नको.

एवढं करूनही टाकीच्या तोंडाशी भडका उडालाच तर हात आपोआप नोझल ओढायला जातो. ते करू नका. ज्योत तोंडाशीच दिव्यासारखी जळत असते, कारण आतली हवा फार दाट आहे. नोझल ओढलं की जळतं पेट्रोल अंगावर, जमिनीवर आणि पुढच्या गाडीवर उडतं. नोझल तिथेच सोडून दूर व्हा, गाडीतल्या माणसांना बाहेर काढा, ओरडून सांगा. कर्मचारी आपत्कालीन बटणाने पुरवठा तोडतात आणि कोरड्या रासायनिक भुकटीचं उपकरण वापरतात. पाणी मारू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पुढे नेतं.

कपड्यांवर पेट्रोल सांडलं तर ते तिथेच ओढून काढू नका, काढताना ठिणगी पडू शकते. आधी पाण्याने भिजवा, मग काढा, आणि कातडी साबणाने धुवा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची जुनी युक्ती तर कायमची सोडावी. चुकून गिळलं गेलं तर उलटी मुद्दाम काढायची नाही. पोटातल्या पेट्रोलपेक्षा उलटीबरोबर फुप्फुसात उतरलेलं पेट्रोल जास्त घातक असतं. तोंड खळखळून धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.